वीस नखांचा ठाणेदार

बाभुळगाव,
मार्गशीर्षातला पहिला सोमवार

चि. प्रफुल्ल,

तुले तुझ्या थोरल्या बहिणीचा, तुळसाचा, आशीर्वाद. या खेपेले तो थोडा हातचा राखून पाठवला आहे. काहून, ते पुढं वाचून समजंल. भावजयीची कंबर कशी आहे? तिले म्हणावं, वाकून झाडू नको, लांब दांड्याचा झाडू घे. तुझं मेडिकलचं दुकान बरं चालत असंल, लोकं काही आजारी पडायचं सोडत नाहीत. बोरीत थंडी पडली का? इकडं सकाळी पडते अन् दुपारपर्यंत विसरून जाते. आमच्या तब्येतीचं विचारशील तर माझी नेहमीसारखी आहे, म्हणजे कोणी विचारत नाही तशी. तुझ्या भाऊजींच्या उजव्या हाताले कुत्रा चावला. कुत्रा बरा आहे.

फोन करता आला असता. पण आमच्या घरी चालता फोन एकच अन् तो यांच्या खिशात. माझा नुसता वाजतो, पलीकडचं ऐकू येत नाही (दुरुस्तीले न्या म्हणून सांगून चार महिने झाले). यांच्या फोनवर बोलावं तर हे स्पीकर लावून बाजूलेच बसतात अन् मी तोंड उघडायच्या आत माझ्या वतीनं उत्तर देऊन टाकतात. म्हणून पत्र. आपले बाबा म्हणत, पत्र शुद्ध लिहावं. लिहून राह्यली, पण राग आला की माझं शुद्ध टिकत नाही, तेवढं सांभाळून घे. सुखीबाई, आमची शेजारीण, बकऱ्यावाली, बोरीच्या बाजाराले येऊन राह्यली, तिच्याच हाती देते. तिले चहा पाज.

मुद्दा पहिलेच सांगते, नाहीतर तू मध्येच गिऱ्हाईक आलं म्हणून पत्र बाजूले ठेवशील. आज चावल्याचा विसावा दिवस. या कुत्र्याले मारून टाकायचं, का कुठंतरी दूर नेऊन सोडायचं, का घरात ठेवायचं, यावरून तेव्हापासून आमच्या घरात भांडण चालू आहे. मले तो ठेवायचा आहे. जिवंत, घरात, माझ्या डोळ्यांसमोर. अन् या साऱ्या भानगडीचं मूळ तू आहेस, म्हणून तुले पत्र.

आठवते का, मागच्या वर्षीच्या पोळ्याले तू साबणाच्या खोक्यात उलूसं पिल्लू घेऊन आलता? तुरीत रानडुकरं घुसतात म्हणून यांनी तुले कुत्रं पाहाले सांगितलं होतं. तू खोकं ओट्यावर ठेवलं अन् काय म्हणाला, तर "साधं नाही हं भाऊजी, वीस नखी हाय." बाकीच्या कुत्र्यांले म्हणे अठरा नखं, याले वीस, अन् वीस नखी कुत्रा म्हणजे कोसावरून डुकराचा वास घेते, अन् वाघसुद्धा त्याच्या वाटेले जात नाही. एवढं ठासून सांगितलं की मलेही खरं वाटलं. तू पोळी खाऊन निघून गेला. यांनी ते पिल्लू उताणं धरलं अन् नखं मोजाले सुरुवात केली. नऊ वेळा मोजली. सातव्या वेळी एकोणीस भरली तर माझ्यावर चिडले, मध्ये बोलली म्हणून. पुढं सरकारी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं काय सांगितलं ते ऐक. मागच्या पायाले वरच्या बाजूनं ती दोन नखं नुसती लोंबतात, कित्येक कुत्र्यांले असतात, त्यांचा ना नाकाशी संबंध ना हिमतीशी. उपयोग काही नाही, अडकण्यापुरती असतात. अडकलंच. बारदान्यात एक नख अडकून उपटलं अन् ते लेकरू दिवसभर तीन पायांवर रडत फिरलं. अन् नखं मोजून पराक्रम ठरत असंल तर प्रफुल्ल, माणसाले साऱ्यांलेच वीस असतात. तुझ्या भाऊजींलेही आहेत, मी मोजली आहेत.

नाव यांनी ठेवलं ठाणेदार. मी म्हटलं, अहो, रस्त्यावर उभं राहून 'ये ठाणेदार, भाकर खा' असं मी बाईमाणसानं कसं ओरडायचं? तर म्हणे नावानंच धाक बसते. धाक कोणाले बसला नाही. ठाणेदार स्वभावानं गाय. सुखीबाईच्या बकरीचं पिल्लू त्याच्या पोटाले टेकून झोपे, अन् हा त्याची झोप मोडू नये म्हणून माश्यासुद्धा हाकलत नसे. वावरात नेला तर डुकरं आली, तुरीत शिरली, हा बांधाच्या धुऱ्यावर बसून पाहत राहिला, पाहुणे जेवताना घरधनी पाहते तसा. यांची पानठेल्यावर शोभा झाली. अन् तुझ्या भाऊजींचं तुले माहीतच आहे, सोसायटीत कारकून होते तेव्हाही घरच्यापेक्षा पानठेल्यावरची अब्रू यांले प्यारी. आता तर रिटायर. दिवसाचे सहा तास तिथंच.

पानठेला रामलालचा. त्यानं जन्मात कोंबडीसुद्धा पाळली नाही, पण तालुक्यातल्या साऱ्या जनावरांचं ज्ञान त्याच्या त्या सुपारीच्या डब्यात आहे. त्यानं सांगितलं, कुत्र्याले तिखट करायचं असंल तर तिखट खाऊ घाला. झालं. भाकरीत लाल मिरचीची पूड. मी म्हटलं, "अवं माय, उलूसा जीव आहे, आतडी जळतील." तर हे म्हणाले, तुले काय समजते. (हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोललं जाते की भिंतीवर लिहून ठेवलं तर यांचा घसा वाचंल.) ठाणेदार तीन दिवस अंगणभर ढाळला. धुतलं कोणी? मी. तिखट तो झाला नाही, मी झाली.

मग निघाली गांधीलमाशी. भाकरीत गांधीलमाशी घालून चारली की कुत्रा चावरा होते, हे रामलालच्या आज्यानं त्याले सांगितलं होतं म्हणे. मग हे दोघे, एक चौसष्ट वर्षांचा अन् एक साठीचा, डोक्याले टॉवेल गुंडाळून पडक्या कोंडवाड्यातलं पोळं काढाले गेले. माश्यांले कोणी सांगितलं नव्हतं की हे कुत्र्यासाठी चाललं आहे. यांचा डावा डोळा दोन दिवस दिसत नव्हता अन् रामलालचा ओठ असा सुजला की त्याले कात-चुना विचारता येईना, बोटानं दाखवे. दोन मेलेल्या माश्या तरी आणल्याच. ठाणेदारानं भाकर खाल्ली अन् माश्या व्यवस्थित बाजूले काढून ठेवल्या, आपण पोह्यातली मिरची काढून ठेवतो तशा.

इथपर्यंत हसू येते, मलेही आलं होतं. पुढचं नाही येत. कानाची टोकं छाटली की कुत्रा कडक होते, पकडाले कान हाती लागत नाही, रक्त आटते, काय काय. मी होती म्हणून ते दोन महिने टळलं. मग मी एका दिवसासाठी यवतमाळले डोळे तपासाले गेलती. परत आली तर ठाणेदार मोरीत, पोत्याच्या मागं, थरथर कापून राह्यला. एका कानाचं टोक कात्रीनं कापलेलं, त्यावर राख लावलेली. दुसरा कान राहून गेला, कारण तो निसटला. मी विचारलं, हे काय केलं? तर म्हणे सारेच करतात. प्रफुल्ल, मले त्या दिवशी इतका संताप आला की मी सैपाक केला नाही. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. हे रामलालकडून भजी आणून जेवले अन् म्हणाले, आज काय उपास आहे का?

तेव्हापासून त्याचा एक कान दीड बोट लहान आहे. त्या कानाकडं मी अजूनही नीट पाहत नाही.

पावसाळ्यात त्याले खरूज झाली. ढोरांचा दवाखाना आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं, औषध फुकट. पण नाही. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चोपडलं, कारण रामलाल म्हणे त्यानं किडे मरतात. किडे मेले का माहीत नाही, कुत्रा मराले टेकला होता. अंगावरचं चाटलं अन् ओकून ओकून आडवा पडला. शेवटी सुखीबाईनं अन् मी त्याले चादरीत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर आम्हालेच रागे भरला, ऑइल इंजिनात घालतात बाई, कातडीवर नाही. मी ऐकून घेतलं. नवऱ्याच्या वाटणीचं ऐकून घ्यायची सवय आहे. घरी येऊन सांगितलं तर यांनी ठाणेदाराच्या नाकाले बोट लावून पाहिलं अन् म्हणाले, नाक ओलं आहे, त्याले काही झालं नव्हतं, तुम्ही बायका उगाच बाऊ करता. तो झोपून उठला की नाक कोरडं असते अन् पाणी पिऊन आला की ओलं, एवढं मलेही समजते. पण यांचं सारं दुखणं-बिखणं नाकाच्या टोकावर ठरते.

आता चावण्यावर येते. दसरा झाला अन् रामलालनं शेवटचा उपाय काढला. कुत्र्याले माणसाचं तोंड पाहू देऊ नका, अंधारात बांधून ठेवा, महिनाभरात वाघ होते. यांनी त्याले ढोरांच्या रिकाम्या कोठ्यात साखळीनं बांधला, दार लावलं अन् खिडकीले पोतं. पाच आठवडे, प्रफुल्ल. दिवसातून दोन वेळा मी भाकर न्यायची, तीही न बोलता सरकवून यायची, अशी ताकीद. पहिल्या आठवड्यात तो मले पाहून रडे. दुसऱ्यात भुंके. चौथ्यात भुंकणंही थांबलं, नुसता पाहे. मी चोरून त्याच्या पाठीवरून हात फिरवी, अन् यांच्या चपलेचा आवाज आला की बाहेर येई. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कोठ्यातून, चोरासारखी.

त्या दिवशी यांनी फोनवर कुठलासा व्हिडिओ पाहिला. त्यात म्हणे सांगितलं होतं, कुत्र्याले मालक कोण ते दाखवायचं असंल तर तो खात असताना तोंडापुढचं ताट काढून घ्यायचं. झालं, हे उठले. मी नुकतीच भाकर ठेवलेली. हे कोठ्यात शिरले तसा तो खायाचा थांबला, अंग ताठ केलं, दीड कान मागं घेतले अन् घशातल्या घशात गुरगुरला. शेपूट वर करून कडक हलवत होता. मी म्हटलं, नका जाऊ, तो नाही म्हणून राह्यला. हे म्हणाले, "शेपूट पाह्य, शेपूट. खुश हाय तो. ओळखते मले." आता शेपूट हलवणारा प्रत्येक कुत्रा खुश असते हे यांले कोणी सांगितलं? हात जोडणारा प्रत्येक माणूस काही नमस्कार करत नाही, कोणी 'पुरे करा बाप्पा' म्हणूनही जोडते. यांनी वाकून ताटली ओढली. त्यानं हात धरला.

एकदाच चावला अन् स्वतःच सोडला. मग कोपऱ्यात जाऊन मुतला अन् तोंड भिंतीकडं करून बसला. मले तुझ्या भाऊजींच्या आधी त्याची कीव आली. लिहून टाकते, मनात ठेवून काय करू.

हाताले दोन दात खोल लागलेले, अन् हे धावले कुठं? नळावर नाही, दवाखान्यात नाही, पानठेल्यावर. रामलालनं जखमेत चुना भरला अन् त्यावर लाल मिरची. (आधी मिरचीनं कुत्रा तिखट होणार होता, आता मिरचीनं विष मरणार. त्या माणसाजवळ औषध एकच आहे.) वर सांगितलं, सात विहिरींत डोकावून या, सावली दिसली तर जीव वाचला. हे निघाले सुद्धा. पण बाभुळगावात आता जिथं तिथं बोअर, अन् बोअरमध्ये डोकावता येत नाही. तिसऱ्या विहिरीवर मी गाठले. दंड धरून नळावर आणले, कपड्याचा साबण घेतला अन् धो धो पाण्याखाली पंधरा मिनिटं घड्याळ लावून हात धुतला, चुना-मिरची सारी काढली. मले कसं माहीत म्हणशील तर सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ते लिहिलेलं असते. मी रांगेत एवढी बसली आहे की तिथल्या साऱ्या भिंती माझ्या पाठ आहेत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, पोरगीच म्हण, पण हुशार. यांनी आत गेल्या गेल्या सदरा वर केला, पोट पुढं काढलं अन् डोळे मिटून घेतले. चौदा इंजेक्शनं बेंबीभोवती, या भीतीत जन्म गेला यांचा. ती म्हणाली, आजोबा, पोट झाका. जखमेत एक औषध टोचलं, दंडाले इंजेक्शन दिलं, अन् चार वेळा यायचं, शेवटचं अठ्ठाविसाव्या दिवशी, असं कार्डावर लिहून दिलं. अन् मग तिनं आम्हा दोघांले समोर बसवून सांगितलं, कुत्र्याले मारू नका. बांधा, खाऊ-पिऊ घाला अन् दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा पिसाळलेला नव्हता असं समजा. इंजेक्शनं मात्र तारखा पाहून घ्या. एवढंच सांगितलं. याच्यापुढं ती एक अक्षर बोलली नाही. हे ध्यानात ठेव, पुढं कामी येईल.

ते दहा दिवस काय सांगू. रामलालचं म्हणणं, पिसाळलाच आहे, दगड घालून मोकळे व्हा. यांलेही ते पटत होतं, पण डॉक्टरीणबाईंनी मारू नका म्हटलेलं, अन् जिवाची भीती. म्हणून हे कोठ्यासमोर खुर्ची टाकून बसले. रिटायर झाल्यापासून एवढं नियमित काम यांनी केलं नव्हतं. ठाणेदारानं जांभई दिली की जबडा वाकडा झाला. तासभर पाणी प्याला नाही की पाण्याले भेला. रामलाल बघायला आला तेव्हा तो सपाटून भुंकला, तर हे म्हणाले पिसाळला. मी म्हटलं, नाही, शुद्धीवर आला. चौथ्या दिवशी हरभऱ्याची भजी खाऊन यांच्या पोटात गुडगुड झाली तर मले कान लावाले लावला, आत पिल्लं कुईं कुईं करतात का ते ऐक म्हणून. चावलेल्या माणसाच्या पोटात पिल्लं होतात, हेही रामलालकडूनच. मी कान लावला अन् सांगितलं, वीस नखी आहेत.

दहा दिवस गेले. कुत्रा ठणठणीत. मले वाटलं संपलं. तर अकराव्या दिवशी सकाळी दारात ट्रक. रामलालच्या ओळखीचा, वणीले कोळसा आणाले रिकामा जाणारा. ठरवलं होतं म्हणे, पोत्यात घालून वणीच्या अल्याड जंगलात सोडून द्यायचं. मले विचारलं नाही, सांगितलंही नाही. मी म्हटलं, तो मरंल तिथं. हे म्हणाले, "जनावर हाय, कुठंबी जगते." जनावर कुठंही जगते! जन्मल्यापासून ज्यानं माझ्या हातची भाकर खाल्ली तो रस्त्याकडच्या जंगलात काय खाईल? ट्रकखाली येईल नाहीतर तिथली कुत्री फाडतील. मी खरं खरं सारं सांगितलं. अंधारात पाच आठवडे कोंडला म्हणून चावला, घास हिसकला म्हणून चावला, मी तोंडावर सांगत होती नका जाऊ. यांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, तुले काय समजते. अन् साखळी सोडली तर ठाणेदार बाहेर उजेडात आला, डोळे मिचकावले अन् यांच्या पट्टी बांधलेल्या हाताले हुंगून चाटाले लागला. बाहेर फिराले नेऊन राह्यले असं वाटलं असंल त्याले.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. ठरवून नाही, आईशप्पथ. मी म्हटलं, न्या. फक्त तो मेला की मले कळवा, म्हणजे इकडं तुमची तयारी करता येईल. हे थांबले. "माही तयारी? काहून?" मी म्हटलं, तुम्ही घाबराल म्हणून डॉक्टरीणबाईंनी मले एकटीले बाजूले घेऊन सांगितलं. लाळ तुमच्या रक्तात गेली आहे. दहा दिवस ही नुसती पहिली पायरी. चावलेला कुत्रा जोवर सुखात जगते, तोवरच चावलेला माणूस सुखरूप. तो गेला की सहा महिन्यांत हाही जाते.

प्रफुल्ल, यांच्या हातातलं पोतं खाली पडलं. ट्रक रिकामा गेला.

मले आनंद व्हायला पाहिजे होता, झालाही. पण त्याच्यामागून असं कडू आलं की सांगू नको. मिरची घालू नका, खरं होतं, ऐकलं नाही. कान कापू नका, ऑइल लावू नका, कोंडू नका, हात घालू नका, सारं खरं होतं, एक ऐकलं नाही. छत्तीस वर्षांत मी या माणसाशी एकच खोटं बोलली, अन् ते एका दमात पटलं. मंग मी आजवर खरं कायले बोलत होती? सांग मले.

आता घराचं पाह्य. ठाणेदार कोठ्यातून ओसरीवर आला. त्याले रोज एक उकडलेलं अंडं, यांच्या हातानं सोलून. परवा हे स्वतः त्याले ढोरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, दोन तास रांगेत बसले, कुत्र्याले लस टोचून घेतली, जंताचं औषध आणलं, अन् डॉक्टरले विचारलं, याले थंडी बाधंल का? यांची जुनी लोकरी बंडी आता त्याच्या अंगात आहे. सकाळी उठले की तोंड धुवायच्या आधी ओसरीवर जाऊन पाहतात, आहे ना. त्याची जीभ पाहतात, डोळे पाहतात. रामलालनं कुत्र्याले तंबाखू हुंगवायचा विचार काढला तर यांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. अन् मागच्या आषाढात मी मोरीत पडली, मनगट मोडलं, तेव्हा तेल लाव म्हणून पेपर वाचत बसलेला हाच माणूस. प्लास्टर घालाले मले सुखीबाईनं नेलं. हे मी कोणाले सांगितलं नव्हतं, तुलेही नाही. आज लिहून टाकलं.

ठाणेदार सुधारून राह्यला. उजेडात राहते, पोटभर खाते, बकरीचं पिल्लू परत त्याच्याजवळ झोपते. कोणावर गुरगुरत नाही. डुकरं तुरीत येतातच. येऊ दे. मी धुऱ्यावर जुन्या लुगड्यांचं कुंपण बांधलं आहे, त्याले तेवढं तरी भेतात.

बाकी इकडं ठीक. कापूस पहिल्या वेच्याचा घरात आला. भावजयीले आशीर्वाद, तिले पूर्ण आशीर्वाद दे, हातचा राखलेला फक्त तुझा.

तुझी थोरली बहीण,
तुळसा

ता. क. पत्र वाचून चुलीत घाल. दुकानाच्या गल्ल्यात ठेवू नको, तुझे भाऊजी आले की आधी गल्लाच पाहतात.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. हे तुले रविवारी फोन करणार आहेत, स्पीकर लावून. माझ्यावर विश्वास आहे म्हणतात, पण बाईमाणसानं काय ऐकलं अन् काय समजलं, म्हणून मेडिकलवाल्या साळ्याले विचारून घेतो. तर तू 'हो' म्हण. नुसतं हो नको म्हणू, खाकरून म्हण, ते वीस नखांचं जसं ठासून सांगितलं होतं तसं. हवं तर सांग, आमच्या इकडं एकाचा कुत्रा मेला अन् माणूस पंधरवड्यात गेला. तुझ्या खोट्यानं त्या मुक्या जीवाचे हाल झाले, आता तुझ्याच खोट्यानं तो वाचू दे, म्हणजे मी राखलेला आशीर्वाद पाठवून देईन. इंजेक्शनाची काळजी करू नको. तीन झाली, चौथ्याले मी स्वतः घेऊन जाणार. ते मी कोणत्याच खोट्यावर सोडणार नाही.

ता. क. तिसरा. फोनवर बोलतच आहेस तर, जमलं तर, त्याच आवाजात आणखी एक जोडून दे. की मेडिकलच्या पुस्तकात असंही लिहिलं आहे, ज्याची बायको आधी जाते तो नवरा वर्षाच्या आत जाते. खोटं आहे, मले माहीत आहे, आमच्याच गल्लीत दोघं-तिघं दुसरं लगन करून जाड झाले आहेत. पण सांगून पाह्य. मले अंडं नको, बंडी नको. सकाळी एकदा सैपाकघराच्या उंबऱ्यात येऊन, ही अजून आहे ना, एवढं पाहून गेले तरी मले पुरे.